आरंभीची निवड : अमेरिकन माहजाँगवरून काही विचार



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही कामगार चळवळीवर बोलावे. ज्याचा जो धंदा त्याने त्यावरच बोलावे, हे रीतसर झाले. परंतु ज्या माणसाने तीस वर्षे फाटकापुढील सभा घेतल्या आहेत, त्याला वसंत ऋतूतल्या संध्याकाळी तरी फाटकापुढचे भाषण करावयास लावू नये, अशी विनंती आम्ही केली, आणि चालकांनी ती मान्य केली. म्हणून आज आम्ही एका खेळाविषयी बोलणार आहोत. खेळ मूळचा चीनचा आहे, पण ज्या रूपात तो आम्ही पाहिला ते रूप अमेरिकेतील बायकांनी घडविले आहे. त्याचे नाव अमेरिकन माहजाँग. त्यातही सगळा खेळ सांगत बसणार नाही. हाती सोंगट्या आल्यावर पहिला विचार कोणता करावा, एवढाच आजचा विषय आहे.

आमचे शिक्षण आठवीपर्यंतचे, पुढचे रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात. तेव्हा या विषयावर आम्ही पंडित म्हणून बोलत नाही. आमची पुतणी न्यू जर्सीत नोकरीनिमित्त राहते. तिच्याकडे आम्ही तीन महिने होतो. तिच्या शेजारच्या सभागृहात दर मंगळवारी साठी-सत्तरीच्या बायका चौघी-चौघींच्या टेबलांवर हा खेळ खेळत. प्रथम आम्ही नुसते मागे खुर्ची टाकून बसलो, पुढे कधी कोणी आली नाही म्हणजे चौथा गडी म्हणून आम्हांस बसवू लागले. जे सांगतो ते तेथे पाहिलेले, विचारलेले आणि नंतर कागदावर हिशेब करून ताडून घेतलेले आहे.

आपल्याकडेही माहजाँग अगदीच अनोळखी नाही. मुंबईतील काही क्लबांत, लष्करातील व आरमारातील अधिकाऱ्यांच्या कुटुंबांत ते खेळले जाते. पण त्या खेळाचे नियम निराळे. ज्यांना रमी येते त्यांना मूळ कल्पना सांगावयास नको. पाने उचलावयाची, नको ती टाकावयाची, आणि हातातील सर्व पानांची जुळणी सर्वांच्या आधी पुरी करावयाची. येथे पानांऐवजी सोंगट्या असतात, एवढाच प्रथमदर्शनी फरक.

हा खेळ अमेरिकेत कसा गेला ते थोडक्यात सांगतो. जोसेफ बॅबकॉक नावाचा एक अमेरिकन गृहस्थ चीनमध्ये एका तेल कंपनीच्या नोकरीत होता. त्याने १९२० मध्ये या खेळाचे सोपे केलेले नियम इंग्रजीत छापले. पुढच्या चार वर्षांत अमेरिकेला या खेळाचे वेड लागले. सोंगट्या हाडाच्या आणि बांबूच्या. मागणी एवढी वाढली की, अमेरिकेतील कत्तलखान्यांतील गुरांची हाडे जहाजांतून शांघायला जाऊ लागली, आणि तेथील कारागिरांनी त्यांच्यावर हाताने चित्रे कोरून त्या सोंगट्या पुन्हा अमेरिकेला पाठविल्या. ज्याच्या हाताने ती कोरणी झाली त्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. आमच्यासारख्याला ते खटकल्यावाचून राहत नाही, एवढे सांगून पुढे जातो.

वेड ओसरले, आणि मागे राहिला तो गोंधळ. प्रत्येक कारखानदाराचे नियम वेगळे, प्रत्येक गावचे वेगळे. एका घरी जिंकणारा हात दुसऱ्या घरी बाद. तेव्हा १९३७ मध्ये न्यूयॉर्क शहरात काही बायका एकत्र आल्या. त्यांपैकी बहुतेक ज्यू घरांतल्या होत्या. त्यांनी नॅशनल माहजाँग लीग नावाची संस्था स्थापन केली, सर्वांना मान्य होतील असे नियम केले, आणि ग्राह्य जुळण्यांचे एक कार्ड छापले. ते कार्ड आजही दरवर्षी वसंतात नवे निघते. याच १९३७ सालच्या ११ फेब्रुवारीस मिशिगन राज्यातील फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांचा प्रसिद्ध बैठा संप संघटनेची मान्यता मिळवून संपला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीपण ज्या वर्षी त्या देशातील कामगार एक करार मागत होते, त्याच वर्षी त्या देशातील बायका एक नियमपुस्तिका करीत होत्या, हे आम्हांस लक्षात ठेवावेसे वाटते. सर्वांना एकच नियम असल्याशिवाय खेळही होत नाही आणि मजुरीही ठरत नाही.

आता सोंगट्या पाहू. एकूण १५२. तीन रंग आहेत : बांबूचा, त्याला त्या 'बॅम' म्हणतात, चिनी अक्षराचा, तो 'क्रॅक', आणि ठिपक्यांचा, तो 'डॉट'. प्रत्येक रंगात १ ते ९ अंक, प्रत्येक अंकाच्या चार सोंगट्या, म्हणजे १०८. चार दिशांचे वारे प्रत्येकी चार, १६. लाल, हिरवा, पांढरा असे तीन ड्रॅगन प्रत्येकी चार, १२. फुले आठ. आणि आठ जोकर. या सोंगट्यांची टेबलावर भिंत रचतात. पूर्वेच्या खेळाडूला १४ आणि बाकी तिघींना १३ वाटल्या की ५३ गेल्या, भिंतीत ९९ उरल्या. म्हणजे एकेकीच्या वाट्याला फार तर पंचवीसेक वेळा उचलणे येते. वेळ अमर्याद नाही, हे आरंभीच ध्यानात धरावे.

रमीत जुळणी आपण आपल्या मनाने करतो. येथे तसे नाही. कार्डावर पन्नासच्या आसपास जुळण्या छापलेल्या असतात, आणि त्यांपैकी एक तंतोतंत १४ सोंगट्यांत पुरी करावी लागते. या जुळण्यांची घराणी असतात. सम अंकांचे एक, विषम अंकांचे एक, ३-६-९ चे एक, लागोपाठ अंकांचे एक, एकाच अंकाचे एक, वारे आणि ड्रॅगन यांचे एक, चालू सालाच्या आकड्यांचे एक, पंचकांचे एक, आणि नुसत्या एकेरी सोंगट्या व जोड्यांचे एक. जोकर कोणत्याही सोंगटीच्या जागी चालतो, पण फक्त तिकडीत, चौकडीत किंवा त्याहून मोठ्या गटात. एकेरी सोंगटीच्या जागी चालत नाही. जोडीत चालत नाही. हा नियम आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत, म्हणून आपण तो विसरू नये.

नवखा खेळाडू पहिल्याने काय करतो? कार्ड उघडतो. त्यात एक भारी किमतीची, देखणी जुळणी त्याच्या मनात भरते. मग तो आपल्या हातात तिचे तुकडे शोधू लागतो. चार सापडतात, आणि तेवढ्यावर तो डाव रचतो. आम्ही खेळावयास बसलो त्या पहिल्याच मंगळवारी पुतणी मागे उभी होती. ती म्हणाली, "काका, आधी कार्ड बघू नका. आधी हातात काय आलंय ते बघा." आम्ही विचारले, "अगं, पण कुठं जायचं ते ठाऊक नसताना हातातलं बघून काय करू?" ती म्हणाली, "तुम्ही कामगारांना काय सांगता? आधी मागणी की आधी माणसं?"

उत्तर आमच्याच घरचे होते, आणि ते बरोबर होते. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण भित्रेपणाची समजतो. तसे नाही. अंथरूण नीट पाहिले म्हणजे पुष्कळ वेळा असेही दिसते की, आपण समजत होतो त्यापेक्षा ते लांब आहे. हे कसे, ते एका उदाहरणाने दाखवितो.

समजा, हाती या तेरा सोंगट्या आल्या : एक फूल, एक जोकर, २ बॅम दोन, ४ बॅम एक, ४ डॉट एक, ६ डॉट दोन, ८ क्रॅक एक, ३ क्रॅक एक, ९ बॅम एक, उत्तरेचा वारा एक आणि लाल ड्रॅगन एक. रंगाप्रमाणे लावून पाहिले तर हा हात दरिद्री दिसतो. चार बॅम, तीन डॉट, दोन क्रॅक. कशाचा कशाला मेळ नाही. एक ना धड भाराभर चिंध्या! पण याच सोंगट्या अंकाप्रमाणे लावा. २, २, ४, ४, ६, ६, ८. सात सोंगट्या सम निघाल्या. शिवाय ३, ६, ६, ९ असे दुसरे एक लहान घराणे बाजूला उभे आहे, आणि ६ च्या दोन्ही सोंगट्या दोन्हीकडे चालतात. तोच हात आहे. लावण्याची रीत बदलली, एवढेच. जुन्या खेळाडू बायका सोंगट्या हाती येताच त्या रंगावरून अंकावर आणि अंकावरून रंगावर अशा दोनदा लावून पाहतात. यास दहा सेकंद लागतात. पण त्या दहा सेकंदांत डावाची दिशा ठरते.

येथे दुसरा प्रश्न येतो. एकच घराणे धरावे की दोन? एकच धरले आणि सोंगट्या आल्या नाहीत तर अडकलो. चार धरली तर काय टाकावे हेच कळत नाही, आणि हात जसाच्या तसा राहतो. अनुभवी बायकांचे उत्तर असे की, आरंभी दोन धरावीत, आणि ती अशी धरावीत की दोहोंना लागणाऱ्या काही सोंगट्या सामाईक असाव्यात. आमच्या उदाहरणात सम हे मुख्य घराणे, ३-६-९ हे पर्यायी, आणि ६ हा सामाईक अंक. हे दोन डगरींवर पाय ठेवणे नव्हे. मुख्य वाट कोणती आणि आडवाट कोणती हे ज्याने ठरविले आहे, त्याचे दोन्ही पाय एकाच वाटेवर असतात. आडवाट त्याने फक्त पाहून ठेवलेली असते.

आता या खेळातील सर्वांत विलक्षण भाग. खेळ सुरू होण्यापूर्वी देवघेव होते. तिला त्या 'चार्ल्स्टन' म्हणतात. विसाच्या दशकात त्या नावाचा एक नाच अमेरिकेत गाजत होता, त्यावरून हे नाव पडले. प्रत्येकीने तीन सोंगट्या उजवीकडे द्यावयाच्या, मग तीन समोर, मग तीन डावीकडे. ही पहिली फेरी सर्वांना सक्तीची. मग दुसरी फेरी उलट : डावीकडे, समोर, उजवीकडे. दुसरी फेरी कोणीही एकीने "थांबा" म्हटले की होत नाही, आणि कारण सांगावे लागत नाही. शेवटी समोरासमोरच्या दोघींनी आपसांत राजीखुशीने शून्य ते तीन सोंगट्यांची अदलाबदल करावयाची. देताना जोकर मात्र देता येत नाही. दोन्ही फेऱ्या झाल्या तर १८ सोंगट्या हातातून जातात, शेवटची अदलाबदल धरून २१ पर्यंत. हात आहे तेराचा! म्हणजे वाटणीत जे आले त्यापेक्षा देवघेवीत जे येते-जाते ते अधिक आहे. नशिबाने काय दिले याचा जप करीत बसणाऱ्याने हा आकडा पाठ करावा.

आमच्या उदाहरणातल्या हाताने पहिल्याने काय द्यावे? उत्तर आणि लाल ड्रॅगन तर जाणारच. तिसरी ३ क्रॅक किंवा ९ बॅम. यात पाहावयाचे ते असे की, दिलेल्या तिन्ही सोंगट्यांचा आपसांत संबंध नसावा. दोन वारे एकदम, दोन ड्रॅगन एकदम, किंवा एकाच अंकाच्या तीन सोंगट्या एकदम दिल्या तर शेजारणीला आयती रसद मिळते. आपला टाकाऊ माल दुसऱ्याच्या घरी उपयोगी पडतो, हे विसरून चालत नाही. फूल सहसा देऊ नये, कारण पुष्कळ जुळण्यांत फुले लागतात. आणि हातात खरी जोडी असेल तर ती मोडण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

समजा आम्ही उत्तर, लाल आणि ३ क्रॅक दिल्या, आणि उलट ६ क्रॅक, १ डॉट व पूर्वेचा वारा आला. आता सम अंक आठ झाले. ३-६-९ चे दार निम्मे लोटले गेले होते, ते आता लावून घेता येते. समोर द्यावयाच्या तीन सोंगट्या आपोआप ठरल्या : १ डॉट, पूर्व आणि ९ बॅम. पुढे समोरून ८ डॉट, दक्षिण वारा आणि एक फूल आले असे धरा. आता बिनकामाची सोंगटी एकच, दक्षिण. पण डावीकडे तीन द्यावयाच्या आहेत. यासाठी नियमात सोय आहे. पहिल्या फेरीच्या या शेवटच्या देवघेवीत उजवीकडून येणाऱ्या सोंगट्यांपैकी एक, दोन किंवा तिन्ही न बघता पुढे सारता येतात. तेव्हा दक्षिण आपली आणि दोन न पाहिलेल्या, असे तीन पुरे करावे. जे न पाहता पुढे गेले त्यात सोन्याची सोंगटी असू शकेल. असो. हातातले खात्रीचे मोडून अनोळखी पाहण्याची हौस करू नये.

देवघेवीत आणखी एक गोष्ट शिकावयास मिळते. जे येते ते बोलतेच, पण जे येत नाही तेही बोलते. तीन वेळा देवघेव झाली आणि एकही वारा हातात आला नाही, तर समजावे की कोणीतरी वारे धरून बसले आहे. आपल्याकडे सम अंक सतत येत राहिले तर बाकीच्या तिघी विषमाकडे वळल्या असाव्यात, आणि आपली वाट मोकळी आहे. वाटाघाटीच्या टेबलावर पलीकडचे लोक कोणता विषय काढीत नाहीत, ते आम्ही नेहमी टिपून घेतो. तीच ही नजर.

दुसरी फेरी घ्यावी की थांबवावी? याचा हिशेब सोपा आहे. देण्यासारख्या तीन सोंगट्या हातात आहेत काय? असतील तर घ्यावी. चांगले मोडून द्यावे लागणार असेल तर थांबवावी. दुसरी बाई थांबली तर तिचा हात बराच जमला आहे, अशी नोंद मनात करावी.

आता आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. घराणे ठरले, पण घराण्यातील नेमकी जुळणी कोणती? समजा सम घराण्यात दोन जुळण्या आहेत. पहिली : दोन फुले, एका रंगात २ व ४ च्या तिकड्या, दुसऱ्या रंगात ६ व ८ च्या तिकड्या. दुसरी : २, ४ आणि ६ यांच्या चौकड्या आणि ८ ची जोडी. या दोन्ही आम्ही उदाहरणासाठी मांडल्या आहेत. कार्ड दरसाल बदलते. पहिल्या जुळणीसाठी आमच्याकडे फुले दोन, २ बॅम दोन, ४ बॅम एक, ६ डॉट दोन, ८ डॉट एक, आणि जोकर एक, असे नऊ जमले. पाच कमी आहेत. दुसरी जुळणी किमतीने वरचढ असेलही. मग निवड कशावर करावी?

जोडीवर करावी. पाहा, तिकडी किंवा चौकडी पुरी करण्यास तीन मार्ग आहेत. भिंतीतून सोंगटी उचलता येते. दुसऱ्याने टाकलेली मागून घेता येते. आणि जोकर लावता येतो. जोडीला यांपैकी एकच मार्ग उरतो. जोकर चालत नाही. दुसऱ्याने टाकलेली सोंगटी जोडीसाठी घेता येत नाही. फक्त तीच सोंगटी डाव संपविणारी असेल तर घेता येते. म्हणजे ८ डॉटची एक सोंगटी हातात असेल तर जगात उरल्या तीन, आणि त्यातली एक आपणच आपल्या हाताने उचलली पाहिजे. त्या तीन टेबलावर पडल्या तर ती जुळणी मेली. मग चौकड्या कितीही सुंदर जमलेल्या असोत! याउलट पहिल्या जुळणीत जोडी फक्त फुलांची आहे, आणि ती हातात तयार आहे. उरलेल्या सर्व ठिकाणी मदत चालते. म्हणून पहिली धरावी. किंमत नंतर पाहावी.

आणि जोकरचा भरवसा किती धरावा? आम्ही हिशेब केला आहे. १५२ त आठ जोकर. तेरा सोंगट्यांच्या हातात एकही जोकर न येण्याचा संभव शंभरात ४८ इतका आहे. म्हणजे जवळजवळ निम्म्या वेळा आपण जोकराविना आरंभ करतो. म्हणून जुन्या बायका जोकर सोडून हात मोजतात, आणि जोकर शेवटी मिळवितात. ज्या हातात दोन जोकर आणि बाकी सगळा पाला, तो हात श्रीमंत दिसतो, पण त्याला दिशा नसते.

भगिनींनो आणि बंधूंनो, चळवळीत जोकर पुष्कळ भेटतात. हा शब्द आम्ही थट्टेने वापरीत नाही. चांगला वकील हा जोकर आहे. सहानुभूतीने लिहिणारा संपादक हा जोकर आहे. विधानसभेत प्रश्न विचारणारा आमदार हा जोकर आहे. मोठा गट जमला असेल तर त्यातली मोकळी जागा हे लोक भरून काढतात, आणि त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण एका खात्यात, एका पाळीत, शेजारी शेजारी काम करणाऱ्या दोन माणसांचा एकमेकांवर विश्वास असणे, ही जोडी आहे. ती बाहेरून आणता येत नाही. तिच्या जागी वकील लावता येत नाही. आम्ही कोणत्याही कारखान्यात पहिल्या दिवशी सभासदांची संख्या विचारीत नाही. अशा जोड्या किती आहेत ते पाहतो. मागणीपत्र त्यानंतर.

आता निवड झाल्यावरची गोष्ट. खेळ सुरू झाला की दुसऱ्याने टाकलेली सोंगटी मागून आपली तिकडी किंवा चौकडी पुरी करता येते. पण ती मग सर्वांसमोर उघडी मांडावी लागते. एकदा मांडली की दोन गोष्टी होतात. आपली दिशा सर्वांना कळते, आणि आपली परतीची वाट बंद होते. म्हणून पहिली सोंगटी मागण्याची घाई करू नये. जोपर्यंत दोन जुळण्या जिवंत आहेत तोपर्यंत हात झाकून ठेवण्यात शहाणपण आहे. परंतु झाकण्यातही मर्यादा असते. भिंत ९९ सोंगट्यांची आहे हे मघाशी सांगितले. ती निम्मी संपली आणि आपण अजून "हे की ते" करीत असू, तर तेलही गेले, तूपही गेले. निवड न करणे यालाही किंमत पडते, आणि ती गुपचूप वसूल होते.

आणि निवड चुकते असे दिसले तर? लागणाऱ्या सोंगट्या टेबलावर पडताना दिसत आहेत, दुसऱ्या दोघींच्या मांडण्या पुऱ्या होत आहेत, आपण तीन-चार सोंगट्या दूर आहोत. तेव्हा अनुभवी बाई आपला डाव सोडते आणि राखणीला लागते. नियम असा की, ज्याने टाकलेल्या सोंगटीवर दुसरा जिंकतो त्याने जुळणीच्या किमतीच्या दुप्पट द्यावयाचे, बाकीच्यांनी एकपट. म्हणून ती नंतर फक्त निर्धोक सोंगट्या टाकते, आणि भिंत संपून डाव बरोबरीत सुटला तर त्यात समाधान मानते. याला तेथे कोणी पळपुटेपणा म्हणत नाही. तोही खेळच आहे.

येथपर्यंत खेळ आणि चळवळ बरोबर चालली. येथून पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या होतात, आणि तो फरक न सांगता आम्ही खाली बसलो तर आपली फसवणूक होईल.

खेळात हरलेल्या हाताची किंमत काही सेंट असते. सोंगट्या उपड्या करतात, मिसळतात, पुन्हा भिंत रचतात. चळवळीत भिंत पुन्हा रचता येत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमचे वडील गिरणीत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात होते, आणि तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. त्याचा न्यायनिवाडा करावयास आम्ही येथे उभे नाही. तेवढी आमची योग्यताही नाही, आणि त्या मागण्या न्याय्य नव्हत्या असे म्हणण्याची आमची छाती नाही. आम्ही एवढेच सांगतो की, आमच्या चाळीत त्या वर्षी पितळेची भांडी एकामागून एक मोडीत गेली, आणि पुष्कळ घरांत ती परत आली नाहीत. त्या वयात आम्हांस मागणीपत्रातले काही कळत नव्हते. पण आपण निवडलेल्या वाटेचा भार दुसऱ्याच्या स्वयंपाकघरावर पडतो, हे तेव्हा कळले. ज्याला दुसऱ्यांच्या वतीने निवड करावयाची आहे त्याने ती खेळाडूच्या हौसेने करू नये, हा धडा आम्हांस माहजाँगने दिलेला नाही. त्या भांड्यांनी दिला.

मग माहजाँग कशाला शिकावयाचे? आमचे उत्तर असे. जेथे हरण्याची किंमत थोडी आहे तेथे निवड करण्याची सवय लावून घ्यावी, म्हणजे जेथे किंमत मोठी आहे तेथे हात कापत नाही आणि डोकेही फिरत नाही. हाती आलेले अंकाने आणि रंगाने असे दोनदा लावून पाहणे, एक वाट धरून दुसरी पाहून ठेवणे, मदत येण्यापूर्वी आपले स्वतःचे किती आहे ते मोजणे, मांडण्याची घाई न करणे, आणि वेळ आली म्हणजे राखणीला लागणे, या सवयी पुस्तक वाचून लागत नाहीत. त्या डाव खेळूनच लागतात. ज्यांच्या मागे खुर्ची टाकून आम्ही बसत होतो, त्यांतील पुष्कळ जणी वैधव्य, आजारपण, मुलांचे दूर जाणे असे बरेच काही पाहिलेल्या होत्या. वाईट हात आला म्हणून कुरकुरताना आम्ही त्यांतल्या कोणाला फारसे ऐकले नाही. त्या सोंगट्या एकदा अंकावर लावीत, एकदा रंगावर लावीत, आणि तीन सोंगट्या उजवीकडे सरकवीत.

आपल्याकडील तरुण आज नोकरी, शिक्षण, गाव सोडणे न सोडणे अशा निवडी पुष्कळदा कार्ड पाहून करतात. कोणती जुळणी सर्वांत भारी आहे ते आधी पाहतात, आणि मग आपल्या हातात तिचे तुकडे शोधतात. त्यांना आमचे सांगणे इतकेच आहे की, आधी हात पाहा. तो पाहताना आपल्या जोड्या मोजा. ज्यांच्या जागी कोणी उसना माणूस चालणार नाही अशी माणसे आणि असे गुण आपल्यापाशी किती आहेत, ते मोजा. हा हिशेब केल्यावर जी जुळणी निघेल ती कार्डावर सर्वांत किमती नसेल कदाचित. पण ती पुरी होण्यासारखी असेल.

कामगार चळवळीवर बोलणार नाही असे सांगून आम्ही अखेर तिकडे गेलोच. जुन्या सवयीला आपण क्षमा कराल.